डोमेन नावाची नोंदणी आणि खासगीपणा : नोंदणीकाराच्या निवडीचा विचार

वणीसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही महाविद्यालयीन नियतकालिक वा चर्चासत्रासाठी स्वतंत्र संकेतस्थळ घेतले जाते. नोंदणी पुष्कळदा एखाद्या प्राध्यापकाच्या नावे व घरच्या पत्त्यावर होते. खासगीपणाचा प्रश्न येथेच उद्भवतो. 'डॉट कॉम'सारख्या नावांच्या धारकाचे नाव, पत्ता व दूरध्वनी २०१८ पर्यंत 'हूइज' नोंदीत कोणासही पाहता येत असे. २५ मे २०१८ रोजी युरोपीय संघाचा जीडीपीआर लागू झाल्यानंतर हा तपशील बहुतांशी झाकला गेला. तथापि तो नोंदणीकाराकडे राहतोच. म्हणून नोंदणीकार कोणत्या देशाच्या कायद्याखाली येतो आणि माहिती कोणास, कोणत्या अटींवर देतो, हे दराच्या आधी पाहणे इष्ट. (पहिल्या वर्षाचा स्वस्त दर हा तर निकष नव्हेच.) 'डॉट इन'चे व्यवस्थापन २००५ पासून निक्सीकडे आहे; तेथे प्रतिनिधीच्या नावाआड नोंदणी करण्यास मुभा नाही. महाविद्यालयाला 'एसी डॉट इन' अधिक योग्य ठरते. ते अर्नेट इंडियामार्फतच मिळते व संस्थेच्या नावे राहते. मात्र नूतनीकरणाची सूचना येणारा ई-मेल प्राचार्य कार्यालयाचा असावा. निवृत्त प्राध्यापकाच्या ई-मेलवर आलेली सूचना संस्थेपर्यंत पोहोचेलच असे नाही.