एपिक ७७४२ आणि झिऑन प्लॅटिनम ८२८०

एपिक ७७४२ आणि झिऑन प्लॅटिनम ८२८० हे २०१९ साली बाजारात आलेले दोन सर्व्हर प्रोसेसर आहेत. एपिक ७७४२ हा एएमडी कंपनीच्या 'रोम' या सांकेतिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या पिढीतील असून तो ७ ऑगस्ट २०१९ रोजी सादर झाला. झिऑन प्लॅटिनम ८२८० हा इंटेलच्या 'कॅस्केड लेक' पिढीतील असून त्याचे अनावरण २ एप्रिल २०१९ रोजी झाले. दोन्ही प्रोसेसर एक्स८६ सूचनासंचावर आधारित असल्याने त्यांच्यावर तीच कार्यप्रणाली आणि बहुतांशी तेच सॉफ्टवेअर चालते. अंतर्गत रचना, मेमरीची व्यवस्था आणि किंमत या बाबतींत मात्र त्यांच्यात मोठा फरक आहे.

## पार्श्वभूमी

एएमडीने २००३ साली 'ऑप्टेरॉन' या प्रोसेसरद्वारे सर्व्हरच्या क्षेत्रात स्थान मिळवले होते. पुढील दशकात ते स्थान गमावले गेले आणि या बाजारपेठेवर इंटेलचे जवळजवळ एकछत्री वर्चस्व निर्माण झाले. २०१७ मध्ये एएमडीने ३२ कोअरपर्यंतची पहिली एपिक मालिका आणली. त्याच सुमारास इंटेलचे १० नॅनोमीटर उत्पादनतंत्र लांबणीवर पडल्यामुळे कॅस्केड लेक पिढी १४ नॅनोमीटर तंत्रावरच तयार करावी लागली. एएमडीने मात्र रोम पिढीतील कोअरसाठी तैवानच्या टीएसएमसी कंपनीचे ७ नॅनोमीटर तंत्र वापरले.

## रचना

झिऑन ८२८० मधील सर्व २८ कोअर सिलिकॉनच्या एकाच मोठ्या तुकड्यावर असतात. त्यामुळे कोणत्याही कोअरला मेमरीपर्यंत किंवा दुसऱ्या कोअरपर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ कमी आणि बराचसा समान असतो. परंतु तुकडा जितका मोठा, तितकी त्यात उत्पादनदोष राहण्याची शक्यता अधिक. परिणामी निर्दोष तुकड्यांचे प्रमाण घटते आणि उत्पादनखर्च वाढतो.

एपिक ७७४२ मध्ये हे काम नऊ तुकड्यांत विभागलेले आहे. प्रत्येकी सुमारे ७४ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाच्या आठ लहान तुकड्यांवर आठ-आठ कोअर असून, मेमरी व इतर उपकरणांशी होणारी देवाणघेवाण मध्यभागी असलेल्या १४ नॅनोमीटरच्या नवव्या तुकड्यामार्फत होते. लहान तुकडे निर्दोष निघण्याचे प्रमाण जास्त असल्याने ६४ कोअरचा प्रोसेसर तुलनेने स्वस्तात तयार करता येतो. मात्र मेमरीकडे जाणारी प्रत्येक मागणी मधल्या तुकड्यातून जात असल्याने विलंब काहीसा वाढतो.

## तांत्रिक वैशिष्ट्ये

| बाब | एपिक ७७४२ | झिऑन प्लॅटिनम ८२८० |
|---|---|---|
| कोअर / थ्रेड | ६४ / १२८ | २८ / ५६ |
| मूळ वारंवारता | २.२५ गिगाहर्ट्झ | २.७ गिगाहर्ट्झ |
| कमाल वारंवारता | ३.४ गिगाहर्ट्झ | ४.० गिगाहर्ट्झ |
| तिसऱ्या स्तरावरील कॅशे | २५६ मेगाबाइट | ३८.५ मेगाबाइट |
| मेमरी वाहिन्या | ८ (डीडीआर४-३२००) | ६ (डीडीआर४-२९३३) |
| पीसीआय एक्सप्रेस | १२८ मार्गिका, चौथी आवृत्ती | ४८ मार्गिका, तिसरी आवृत्ती |
| औष्णिक मर्यादा | २२५ वॅट | २०५ वॅट |
| एका सर्व्हरमध्ये कमाल संख्या | २ | ८ |
| घोषित किंमत | ६,९५० डॉलर | १०,००९ डॉलर |

तक्त्यातील काही आकडे जपून वाचावे लागतात. एपिकची २५६ मेगाबाइट कॅशे सलग नसून ती १६ मेगाबाइटच्या सोळा भागांत वाटलेली आहे आणि प्रत्येक भाग चार कोअरच्या वाट्याला येतो. झिऑनची ३८.५ मेगाबाइट कॅशे मात्र सर्व कोअरना सामाईक आहे. शिवाय झिऑनच्या प्रत्येक कोअरला दुसऱ्या स्तरावर १ मेगाबाइट कॅशे मिळते, तर एपिकच्या कोअरला तिच्या निम्मी. औष्णिक मर्यादा ठरवण्याच्या दोन्ही कंपन्यांच्या पद्धतीही सारख्या नाहीत.

## कार्यक्षमता

अनेक स्वतंत्र कामे एकाच वेळी चालवायची असतील, तर कोअरची संख्या निर्णायक ठरते. संगणक आज्ञावलीचे संकलन, त्रिमितीय चित्रांची निर्मिती आणि आभासी यंत्रांचे यजमानपद ही अशा कामांची उदाहरणे होत. यांत एपिक ७७४२ स्पष्टपणे पुढे राहतो. ज्या कामात एकाच थ्रेडच्या गतीला महत्त्व असते, तेथे झिऑनची अधिक कमाल वारंवारता उपयोगी पडते.

हवामान-प्रारूपे किंवा द्रवगतिकी यांसारख्या वैज्ञानिक गणनांमध्ये अनेकदा मेमरीतून माहिती मिळण्याचा वेग ही खरी मर्यादा असते. एका वाहिनीतून प्रत्येक व्यवहारात ८ बाइट जातात, हे लक्षात घेता एपिकची सैद्धांतिक क्षमता सेकंदाला २०४.८ गिगाबाइट, तर झिऑनची सुमारे १४०.८ गिगाबाइट येते. मात्र हीच क्षमता कोअरच्या संख्येने भागल्यास एपिकच्या वाट्याला प्रतिकोअर ३.२ आणि झिऑनच्या वाट्याला सुमारे ५ गिगाबाइट येतात.

सदिश गणनांत चित्र वेगळे दिसते. झिऑनमधील एव्हीएक्स-५१२ सूचनांमुळे एक कोअर प्रत्येक चक्रात दुहेरी अचूकतेच्या ३२ क्रिया करू शकतो. एपिकचा कोअर १६ क्रिया करतो. मूळ वारंवारतेनुसार हिशेब केल्यास झिऑनची कमाल क्षमता सुमारे २.४ टेराफ्लॉप्स, तर एपिकची सुमारे २.३ टेराफ्लॉप्स येते. म्हणजे २८ आणि ६४ कोअर कागदावर जवळजवळ बरोबरीत येतात. प्रत्यक्षात एव्हीएक्स-५१२ सूचना सतत चालू असताना झिऑनची वारंवारता खाली येते आणि सॉफ्टवेअर या सूचनांसाठी खास तयार केलेले नसल्यास हा लाभ मिळत नाही. कॅस्केड लेकमध्ये चेतापेशी-जालांच्या गणनेसाठी अतिरिक्त सूचनाही देण्यात आल्या आहेत.

## सुरक्षा आणि इतर सुविधा

जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या 'मेल्टडाउन' या दोषाचा परिणाम इंटेलच्या प्रोसेसरांवर झाला होता, एएमडीच्या प्रोसेसरांवर झाला नव्हता. 'स्पेक्टर' या दोषाची झळ दोन्ही कंपन्यांना बसली. कॅस्केड लेकमध्ये मेल्टडाउनविरुद्धचे उपाय हार्डवेअरमध्येच समाविष्ट केले गेले. एपिकमध्ये प्रत्येक आभासी यंत्राची मेमरी वेगळ्या किल्लीने कूटबद्ध करण्याची सोय आहे.

इंटेलच्या बाजूने 'ऑप्टेन' या स्थायी मेमरीला असलेला पाठिंबा हे मोठे वैशिष्ट्य होते. वीज गेल्यावरही माहिती टिकवणारी ही मेमरी मोठ्या डेटाबेससाठी उपयुक्त होती, परंतु २०२२ मध्ये इंटेलने हा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. एका सर्व्हरमध्ये चार किंवा आठ प्रोसेसर आवश्यक असतील, तर या दोहोंपैकी झिऑन हाच पर्याय उरतो.

## किंमत आणि मूल्य

घोषित किमतीनुसार एपिकचा एक कोअर सुमारे १०९ डॉलरना, तर झिऑनचा सुमारे ३५७ डॉलरना पडतो. मोठ्या ग्राहकांना मिळणारी सवलत लक्षात घेतल्यास प्रत्यक्ष अंतर याहून वेगळे असू शकते. रोमच्या आगमनानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये इंटेलने २८ कोअरचा झिऑन गोल्ड ६२५८आर हा प्रोसेसर ३,९५० डॉलरना आणला. त्याची वारंवारता ८२८० इतकीच होती, मात्र तो कमाल दोन प्रोसेसरांच्या सर्व्हरपुरता मर्यादित होता. स्पर्धेमुळे किंमत किती खाली येऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण मानता येईल.

सॉफ्टवेअरचे परवाने हा मूल्याचा दुसरा घटक आहे. विंडोज सर्व्हरचे शुल्क २०१६ च्या आवृत्तीपासून कोअरच्या संख्येवर आकारले जाते. फेब्रुवारी २०२० मध्ये व्हीएमवेअर कंपनीनेही एका परवान्यात प्रतिप्रोसेसर ३२ कोअरचीच मर्यादा घातली. त्यामुळे ६४ कोअरच्या एपिकसाठी दोन परवाने आवश्यक झाले, तर २८ कोअरच्या झिऑनसाठी एकच पुरेसा राहिला. मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्या संस्थेला हा भार पडत नाही. कोअरनुसार शुल्क आकारणारा महागडा डेटाबेस चालवणाऱ्या संस्थेला मात्र कमी परंतु वेगवान कोअर असलेला प्रोसेसर किफायतशीर ठरू शकतो. एएमडीने २०२० मध्ये आणलेला १६ कोअरचा एपिक ७एफ५२ याच गरजेसाठी होता.

आधीच झिऑनवर आधारित यंत्रणा असल्यास आणखी एक अडचण संभवते. चालू आभासी यंत्र एका कंपनीच्या प्रोसेसरवरून दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरवर सामान्यतः न थांबवता हलवता येत नाही.

## पुण्यातील महासंगणक

या दोन्ही पिढ्यांचा वापर पुण्यात झालेला आहे. राष्ट्रीय महासंगणन अभियानांतर्गत भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत उभारलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकात कॅस्केड लेक पिढीतील २४ कोअरचे झिऑन प्लॅटिनम ८२६८ प्रोसेसर आहेत. प्रगत संगणन विकास केंद्राच्या 'परम सिद्धी-एआय' मध्ये एपिक ७७४२ आणि एनव्हिडियाचे ए१०० ग्राफिक प्रोसेसर वापरले आहेत. नोव्हेंबर २०२० च्या जागतिक 'टॉप५००' यादीत तो ६३ व्या क्रमांकावर होता. एनव्हिडियाच्या ज्या डीजीएक्स ए१०० संचांवर तो आधारित आहे, त्यात आठ ग्राफिक प्रोसेसर आणि अनेक वेगवान जाळे-जोडण्या असतात. त्यांना लागणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या आवृत्तीच्या मार्गिका कॅस्केड लेकमध्ये उपलब्ध नव्हत्या.

## उत्तराधिकारी

मार्च २०२१ मध्ये एएमडीने 'मिलान' ही तिसरी पिढी सादर केली. तिच्यात आठ कोअरना ३२ मेगाबाइट सलग कॅशे देण्यात आली. एप्रिल २०२१ मध्ये इंटेलने १० नॅनोमीटर तंत्रावरील 'आइस लेक' मालिका आणली. कमाल ४० कोअर, आठ मेमरी वाहिन्या आणि पीसीआय एक्सप्रेसची चौथी आवृत्ती यांमुळे कॅस्केड लेकच्या अनेक उणिवा तिच्यात भरून निघाल्या.