भयानकाचा आभास : रक्तपिपासूचे प्रहसन आणि रायपूरची गंमत

भय आणि हास्य हे परस्परांना छेद देणारे भाव होत, अशी सामान्य समजूत आहे. जो भ्याला तो हसत नाही आणि जो हसला त्याचे भय सरले, असे म्हटले जाते. रंगभूमीचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. भरताने हास्याचे मूळ शृंगारात व भयानकाचे मूळ बीभत्सात दाखविले. अभिनवगुप्ताने त्यापुढे जाऊन कोणत्याही रसाचा आभास हास्याला कारण होऊ शकतो, असे प्रतिपादिले. या दृष्टीने पाहिले असता, भीतिकथेचे विडंबन हा भयानकावर बाहेरून झालेला हल्ला नसून भयानकाच्याच आभासातून निघालेले हास्य होय. कबरीतून उठून जिवंतांचे रक्त शोषणाऱ्या प्रेताची पाश्चात्त्य कथा या सिद्धान्ताचे उत्तम उदाहरण ठरते.

पॉलिडोरीची ‘द व्हँपायर’ ही कथा 1819 साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये नोदिए याच्या नावाशी निगडित असलेले तिचे गंभीर नाट्यरूप रंगभूमीवर आले आणि त्याच वर्षी, त्याच शहरात, स्क्रीब व मेलेसव्हिल यांनी त्याच विषयावर विनोदी नाटकही रचले. म्हणजे रक्तपिपासू आणि त्याचे विडंबन ही जवळजवळ जुळी भावंडे आहेत. लंडनच्या लायसियम नाट्यगृहासाठी प्लांशे याने 1820 मध्येच जे रूपांतर केले, त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. कथानक स्कॉटलंडमध्ये घडविणे त्याला पसंत नव्हते, कारण ही लोकसमजूत त्या प्रदेशाची नव्हे. पण नाट्यगृहाच्या भांडारात स्कॉटिश पोशाख तयार होते, म्हणून व्यवस्थापकाने तसाच आग्रह धरला. याच प्रयोगासाठी रंगमंचाच्या तळफळ्यांत स्प्रिंगने मिटणारी एक चोरझडप बसविण्यात आली. तिच्यातून नट क्षणार्धात नाहीसा होई. पुढे अशा झडपेला त्या पात्राचेच नाव चिकटले.

स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ कादंबरी 1897 सालची. तिला रंगभूमीवर लोकप्रिय केले ते 1924 मध्ये हॅमिल्टन डीन याने. आज सर्वांना परिचित असलेला उंच कॉलरचा काळा झगा ही कादंबरीची नव्हे, या नाट्यरूपाची देणगी आहे. प्रेक्षकांकडे पाठ फिरवून उभ्या राहिलेल्या नटाचे डोके कॉलरीआड झाकावे आणि त्याने झग्यातून निसटून जावे, ही त्यामागची सोय होती. ज्या सामग्रीने भय निर्माण होते ती अशी मुळातच रंगभूमीची युक्ती असते. युक्ती लपली की भय उपजते आणि तीच उघडी पडली की हास्य. विडंबनकार नवे काही आणीत नाही. तो केवळ झडप किंचित उशिरा मिटू देतो.

हे उघडे पाडण्याचे काम लहान नाट्यसंस्थेला जितके साधते तितके संपन्न नाट्यगृहाला साधत नाही. न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स लडलम याने आपल्या छोट्या रंगमंचावर 1984 साली ‘द मिस्टरी ऑफ अर्मा व्हेप’ सादर केले. शीर्षकातील नाव हे ‘व्हँपायर’ या इंग्रजी शब्दाच्या अक्षरांची उलटापालट आहे. त्यात दोनच नट स्त्री-पुरुषांच्या साऱ्या भूमिका करतात. एक पात्र दाराआड जाते आणि त्याच नटाचे दुसरे पात्र दुसऱ्या वेशात प्रवेश करते. नटांची टंचाई ही वैगुण्य न राहता नाटकाचा प्राण होते. प्रेक्षक पात्राकरिता भितो आणि नटाकरिता हसतो. या दोन्ही क्रिया एकाच वेळी चालतात.

मराठी रंगभूमीला हा अनुभव परका नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ज्या परंपरेचा आरंभ केला, तिच्यातील राक्षस आरोळ्या ठोकीत प्रवेश करीत. पुढच्या पिढीने त्या आरोळ्यांवरूनच त्या नाटकांना ‘अललडुर्र’ असे थट्टेचे नाव दिले. भयाचे साधन जुने होताच तेच हास्याचे साधन झाले. त्याही पूर्वी, सातव्या शतकात, पल्लव राजा महेंद्रविक्रमवर्मा याने ‘मत्तविलास’ प्रहसनात स्मशानवासी कापालिकाला आपली हरवलेली कवटी शोधीत हिंडविले. नारायण धारपांनी ‘लुचाई’सारख्या कादंबऱ्यांतून रक्तपिपासूचे भय मराठी वाचकांच्या परिचयाचे केले, म्हणून आज त्याचे विडंबनही मराठीत समजू शकते. ज्या भयाची ओळख नाही, त्याची थट्टा कोणाला कळणार?

रायपूरच्या संदर्भात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडशी मराठी माणसाचा संबंध आहे. परंतु नाट्यदृष्ट्या अधिक महत्त्वाचे आहे ते एका शब्दाचे नाते. छत्तीसगडी ‘नाचा’ या लोकनाट्यातील विनोदी प्रसंगाला ‘गम्मत’ म्हणतात, आणि भंडारा-गोंदियाकडील झाडीपट्टीत ‘खडी गंमत’ नांदते. नाचात दोन ‘जोक्कड’ म्हणजे विदूषक असतात, स्त्रीभूमिका परंपरेने पुरुष करतात, लिखित संहिता नसते आणि नेपथ्य नाममात्र असते. लडलमला जे प्रयत्नपूर्वक रचावे लागले, ते येथे परंपरेने सहज दिलेले आहे.

या परंपरेचे सामर्थ्य सुशिक्षित रंगभूमीला पटवून दिले ते रायपूरात 1923 साली जन्मलेल्या हबीब तन्वीर यांनी. ‘मृच्छकटिका’वर आधारलेल्या ‘मिट्टी की गाडी’साठी त्यांनी 1958 मध्ये नाचाचे सहा कलावंत दिल्लीस नेले, 1973 मध्ये रायपुरात नाचाची कार्यशाळा घेतली, 1975 मध्ये ‘चरणदास चोर’ रंगभूमीवर आणले. नटाला त्याची बोली आणि त्याची उत्स्फूर्तता परत देणे, हे त्यांच्या कार्याचे सार होय. युरोपीय रक्तपिपासूचे प्रहसन रायपुरात करू पाहणाऱ्या लहान संस्थेनेही हाच धडा घ्यावयास हवा. उसना झगा पुरेसा नाही. भय ज्या बोलीत कुजबुजले जाते, त्याच बोलीत ते हास्यास्पद झाले पाहिजे. प्लांशेच्या स्कॉटिश पोशाखांची कथा येथे इशाऱ्यासारखी आहे.

परंतु छत्तीसगडातील भय हे केवळ वाङ्मयीन नाही. ‘टोनही’ म्हणजे चेटकीण ठरवून स्त्रियांचा छळ होतो, म्हणून राज्याला 2005 मध्ये टोनही प्रताडना निवारण कायदा करावा लागला. कोणास टोनही ठरविणे हाच त्यान्वये अपराध आहे. महाराष्ट्रातही जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली झाला, तो डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर. अशा भूमीत भुताखेतांची थट्टा निरुपद्रवी करमणूक राहत नाही. ती कोणावर रोखली आहे, या प्रश्नाचे उत्तर प्रहसनाला द्यावेच लागते. झाडाखाली एकटी राहणारी म्हातारी हे हास्याचे लक्ष्य झाले, तर प्रहसन जमावाच्या बाजूला जाऊन उभे राहते. तिच्यावर बोट रोखणारा बैगा किंवा पंच लक्ष्य झाला, तर तेच प्रहसन तिचे रक्षण करते.

या बाबतीत पुरुष नटाने चेटकिणीची भूमिका करण्याला विशेष अर्थ आहे. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी व 2018 च्या पुनरुज्जीवनात वैभव मांगले यांनी साकारली. समोर पुरुष आहे हे बालप्रेक्षकालाही ठाऊक असते. म्हणून चेटकीण हा कोणा स्त्रीचा स्वभाव नसून चढविलेला आणि उतरविता येणारा वेश आहे, हे सत्य न बोलता सिद्ध होते. नाचातील पुरुषांच्या स्त्रीभूमिकेलाही हे सामर्थ्य आहे; मात्र स्त्रीत्वाचीच टवाळी करण्याचा मोह आवरला तरच ते प्रकट होईल.

असे हास्य सुखासुखी सहन केले जात नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. अस्पृश्यतेची टर उडविणारे ‘पोंगा पंडित’ ही मूळ नाचातीलच गंमत. तन्वीरांच्या संस्थेने केलेले तिचे प्रयोग 2003 साली मध्य प्रदेशात विरोधामुळे उधळले गेले. विदूषक ज्या वर्मावर बोट ठेवतो ते वर्म खरे असल्याचा याहून बोलका पुरावा नाही.

रक्तपिपासूला आरशात प्रतिबिंब नसते, असे स्टोकर सांगतो. प्रहसनाचे काम त्याच्यापुढे आरसा धरण्याचे नव्हे; तो आरसा त्यांनी प्रेक्षकांकडे फिरवावयाचा असतो. त्यात कबरीतील प्रेत दिसत नाही. दिसतो तो दुबळ्याच्या रक्तावर पोसलेला आणि भयाला ज्ञान मानणारा गाव. रायपूरच्या गंमतीला हा आरसा धरण्याची कला पूर्वीपासून अवगत आहे.