शाकाहाराच्या पायऱ्या

‘शाकाहारी’ हा शब्द एक, पण त्याच्या पायऱ्या अनेक. कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य करणारे, दूध-तूप घेणारे माळकरी, अंडे चालणारे, एकादशी-श्रावण पाळून एरवी मासळी खाणारे, असे सारे आमच्या कामगारांत आहेत. दूध, तूप, मधही सोडणाऱ्यांसाठी इंग्लंडात १९४४ साली डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हीगन’ हा शब्द रूढ केला.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. ब-१२ जीवनसत्त्व धान्य-भाजीतून भरवशाने मिळत नाही. दूध-दही घेणाऱ्यास ते काही अंशी मिळते. सर्वच प्राणिज अन्न सोडणाऱ्यास ते गोळीतून किंवा मुद्दाम घातलेल्या पदार्थांतून घ्यावे लागते. ते कमी पडले की रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात. प्रथिनांचे मात्र तसे नाही. भाकरीतील लायसिनची उणीव डाळ भरून काढते. पिठले-भाकरीचे मर्म हेच.

आता खरा प्रश्न. एक जण तत्त्वाने दूध सोडतो, दुसऱ्यास ते परवडतच नाही. पहिल्याची ती निवड, दुसऱ्याची अगतिकता. शरीर हिशेब मात्र दोघांकडूनही सारखाच मागते. १९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यांत कॅन्टीनची, आणि तिच्या कारभारात कामगारांच्या प्रतिनिधित्वाची वाट मोकळी केली. त्या प्रतिनिधींना आम्ही एवढेच सांगतो : पातळ रस्सा व भात वाढून ‘शाकाहारी ताट’ म्हणणाऱ्या ठेकेदारास विचारा, यात डाळ किती, दही कुठे? आणि दही न घेणाऱ्याची सोय काय?