सूट कुणाला, किती?

चाकणला महिंद्राच्या विजेवरच्या मोटारी तयार होतात, आकुर्डीला बजाजची चेतक. देहूत खोली करून तिकडे शिफ्टला जाणाऱ्या कामगाराला मात्र पेट्रोलचीच बाईक परवडते. ‘सरकार पैसे देतंय, घे की इलेक्ट्रिक’ हा सल्ला त्याला फुकट मिळतो.

गैरसमज : केंद्र सरकार इलेक्ट्रिक कारवर रोख सबसिडी देतं.
खासगी कारला नाही. केंद्राच्या ‘फेम-२’ योजनेत (२०१९ ते मार्च २०२४) चारचाकींपैकी टॅक्सीसारख्या व्यावसायिक गाड्याच बसत होत्या. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’च्या १०,९०० कोटींत दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक, रुग्णवाहिका आहेत, कार नाही.

गैरसमज : म्हणजे कारवाल्याला काहीच मिळत नाही.
खरी मेख इथेच आहे. त्याला केंद्राकडून रोख मिळत नसली, तरी करात सूट मिळते. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के. सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोलच्या मोठ्या कारवर ४०, तर साध्या मोटारसायकलवर १८. करापूर्वी तीस लाखांच्या कारवर हा फरक साडेदहा लाखांचा होतो, लाखाच्या स्कूटरवर तेरा हजारांचा. वर राज्याचा वाहनकर माफ. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या ई-कारवर ६ टक्के कर सुचवला होता. तो त्याच महिन्यात मागे घेतला गेला. राज्याच्या २०२५ च्या धोरणात तर रोख मदतही आहे : खासगी कारला कमाल दीड लाख, दुचाकीला कमाल दहा हजार. शिवाय मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी महामार्ग, अटल सेतूवर ई-कारला टोलमाफी. तिन्ही ठिकाणी दुचाकीला प्रवेशच नाही!

गैरसमज : दुचाकीची मदत तरी वाढतेच आहे.
केंद्राची मदत बॅटरीच्या प्रत्येक किलोवॉट-तासामागे जून २०२१ मध्ये १५,००० रुपये झाली होती. जून २०२३ मध्ये ती १०,००० वर आली, ‘ई-ड्राइव्ह’मध्ये ५,०००, मग २,५००.

गैरसमज : गाडी घेतली की खर्च मिटला.
बंगल्यात स्वतःचं मीटर असतं. भाड्याच्या खोलीत चार्जिंगची वायर मालकाच्या मर्जीवर, आणि सार्वजनिक चार्जिंगवर १८ टक्के जीएसटी.

गैरसमज : उत्पन्न बघून मदत देणं जमणारच नाही.
राज्याच्याच महिलांसाठीच्या पिंक ई-रिक्षा योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाला तीन लाखांची मर्यादा आहे; २० टक्के सरकार देतं, १० टक्के रिक्षा घेणारी बाई, बाकीचं बँकेचं कर्ज. फ्रान्सनं २०२४ मध्ये कमी उत्पन्नाच्या लोकांना महिना शंभर युरोंच्या आसपास ई-कार भाड्यानं दिल्या. मागणी इतकी आली की काही आठवड्यांतच नोंदणी थांबवावी लागली. तेव्हा अडचण मोजमापाची नाही. खासगी कारवरची माफी ठरवताना ते मोजमाप कुणी लावलं नाही, इतकंच. आणि ज्याला दुचाकीही झेपत नाही, त्याच्यासाठी सबसिडीचा रुपया पुण्याच्या पीएमपीएमएलच्या ई-बसवर गेलेला जास्त बरा. तिथे तिकिटापलीकडे काही विकत घ्यावं लागत नाही.