कळप मोठा, वंश मोजका

हजार गाई आणि वळू फक्त ४, असा कळप भरलेला दिसतो. आनुवंशिक हिशोबात मात्र त्याची परिणामकारक संख्या जेमतेम १६ भरते, कारण पुढच्या पिढीची निम्मी जनुकं त्या चौघांकडूनच येतात.

अमेरिकेत होल्स्टीन गाईंची हीच गत झाली. कृत्रिम रेतनामुळे १९६२ साली जन्मलेल्या ‘चीफ’ नावाच्या वळूचा वंश जगभर पसरला, सोबत एपीएएफ-१ जनुकातला दोषही. त्यापायी सुमारे ५ लाख गाभ गेले, असा संशोधकांचा अंदाज आहे!

म्हणूनच खिलार, देवणी, डांगी या देशी गोवंशांची नुसती शिरगणती पुरत नाही. रक्ताच्या नमुन्यातून डीएनए काढून ठरावीक तीसेक ठिकाणी किती वेगवेगळी रूपं सापडतात, हे तपासावं लागतं. त्यावरून कोणत्या वळूचं वीर्य आधी गोठवून ठेवायचं, हे ठरवता येतं.