लक्ष्मीपूजनाची उघडी वही

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी घरोघरी चौरंग मांडला जातो. तांदळाच्या राशीवर कलश, शेजारी लक्ष्मी-कुबेरांची प्रतिमा, साळीच्या लाह्या-बत्ताशांचा आणि धने-गुळाचा नैवेद्य, हळदकुंकू वाहिलेली नवी केरसुणी आणि हिशेबाची कोरी वही. वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' रेखून तिची पूजा होते. हिशेबाचे वर्ष आता १ एप्रिलला सुरू होत असले, तरी पेढ्यापेढ्यांतून वहीपूजनाचा मान ढळलेला नाही. द्रव्य देवीचे, आपण त्याचे केवळ राखणदार. म्हणून हिशेब तिच्यासमोर उघडा असावा, हा या पूजेचा आशय आम्ही बालपणापासून ऐकत आलो. त्याचा खरा अर्थ मात्र उतारवयात, पोटच्या मुलाकडून उमगला.

आमचे वडील एका कापडाच्या पेढीवर दिवाणजी होते. रोजमेळ जुळल्याखेरीज त्यांना अन्न गोड लागत नसे. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा पहिला पगार देवापुढे ठेवून त्यांच्या हाती दिला आणि तेथून पुढे, विवाह होईपर्यंत, प्रत्येक रुपयाचा जाब त्यांना देत राहिलो. त्या शिस्तीमुळे आम्ही कर्जाच्या वाटेस गेलो नाही, हे खरे. परंतु 'किरकोळ खर्च' या सदराखाली नाटकाची तिकिटे दडविण्याची विद्याही आम्ही तेथेच शिकलो, हेही तितकेच खरे.

काही वर्षांपूर्वी आमच्यावर पालकाची पाळी आली. धनत्रयोदशीच्या सकाळी आमच्या मिळवत्या मुलाचा मोबाइल देवघराजवळ राहिला होता. त्यावर बँकेचा संदेश उमटला : क्रेडिट कार्डाची थकबाकी चाळीस हजार रुपये, किमान दोन हजार भरावेत. आमचा तोल गेला. पाहुण्यांदेखत आम्ही त्याला उधळ्या म्हटले. "ऋण काढून सण करणारे घर आपले नव्हे," असेही ऐकविले. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, माझा हिशेब तुम्ही चोरून वाचलात. तुमची वही आम्हाला कधी दाखवलीत का?"

त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. मुलीच्या लग्नासाठी पतपेढीतून काढलेले कर्ज आम्ही मुलांपासून दडवून ठेवले होते. त्याचे हप्ते आम्ही निवृत्तिवेतनातून निमूटपणे फेडीत होतो. वडिलांपासून तिकिटे दडविणारा मुलगा आता मुलांपासून कर्ज दडविणारा बाप झाला होता.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री, आरती झाल्यावर, आम्ही ती वही पतपेढीच्या पुस्तकासह चौरंगावर ठेवली आणि सर्वांना वाचावयास दिली. ही काही वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "इतकी वर्षे एकट्यानेच वाहिलेत हे?" थोड्या वेळाने मुलाने आपला मोबाइल आणून वहीशेजारी ठेवला.

मग जे बोलणे झाले, ते रागाचे नव्हते, आकड्यांचे होते. दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले, तर चाळीस हजारांवर महिन्याचे चौदाशे होतात. किमान म्हणून भरलेल्या दोन हजारांतून मुद्दल जेमतेम सहाशेने उतरते. व्याजावरील कर धरला तर त्याहूनही कमी. शिवाय थकबाकी असेतो नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढते. 'किमान रक्कम' भरली की आपण ऋणमुक्त होत आहोत, असे मुलाला वाटत होते. आणि त्याच वेळी त्याची थोडी पुंजी सुमारे सात टक्क्यांनी मुदत ठेवीत पडून होती. त्याने ती मोडली आणि कार्डाची संपूर्ण रक्कम फेडली. आम्ही पैसे देऊ केले होते, ते त्याने घेतले नाहीत. आज वाटते, बरेच झाले.

वाचकहो, मुले थोर झाली म्हणून आईबापांची काळजी थोडीच सरते? पूर्वी खिशातून नोट काढताना हात किंचित अडखळत असे. आज मोबाइल पुढे धरला की पैसे गेलेलेही कळत नाहीत. तेव्हा लक्ष हवेच. पण मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्याच्याशी मित्राप्रमाणे वागावे, असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे, आणि मित्र पाळत ठेवीत नाही. मुलाने कोणत्या हॉटेलात काय खाल्ले, हे विचारू नये. एक कर्ज फेडण्यासाठी तो दुसरे काढीत आहे काय, हे मात्र अवश्य विचारावे. आणि विचारण्यापूर्वी स्वतःचे पान उघडावे.

आमच्या घरी आता दर लक्ष्मीपूजनाला आरतीनंतर प्रत्येक जण तीन आकडे सांगतो : देणे किती, शिल्लक किती, आणि दानधर्मास काय दिले. सर्वांत आधी आम्ही सांगतो.

त्या मध्यरात्री केरसुणीने घर झाडून अलक्ष्मीला बाहेर घालविण्याची चाल अनेक घरांतून आहे. दडविलेले ऋण हाही घरातला केरच होय. यंदा तोही उंबऱ्याबाहेर जावो आणि आपणा सर्वांच्या घरी लक्ष्मी सुखाने नांदो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.