खर्जाचा धनी : जेम्स जेमरसन

गाणे ऐकून घरी परतताना आपण चाल गुणगुणतो. खर्ज कोणी गुणगुणत नाही. परंतु तोच खर्ज काढून घेतला, तर चाल अधांतरी लोंबकळू लागते. पाश्चात्त्यांच्या लोकप्रिय संगीतात हा खर्ज सांभाळण्याचे काम बेस गिटार या चार तारांच्या वाद्याकडे असते. आपल्या बैठकीतली उपमा द्यायची, तर तानपुरा आणि डग्गा या दोघांचे काम ते एकटे करते. गाण्याचा आधार कोणत्या स्वरावर आहे हे ते सांगते आणि पाऊल कोठे पडावयाचे हेही तेच सांगते. त्याची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. एवढा खालचा स्वर कानाइतकाच अंगालाही जाणवतो.

हे वाद्य वाजवणाऱ्यांपैकी पुष्कळजण ध्वनिमुद्रणावर पोट भरतात. बोलावणे आले की जावयाचे, समोर येईल ते गाणे वाजवावयाचे, मजुरी घ्यावयाची आणि पुढच्या गाण्याकडे वळावयाचे. अशा वादकास तिकडे 'सेशन' वादक म्हणतात. आपल्या बोलपटांच्या वाद्यवृंदांत आयुष्य घालवलेल्या वादकांची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. बैठकीत तबलजीचे नाव गवयाबरोबर घेतले जाते; तबकडीवर मात्र गायक आणि संगीतकार एवढेच उरतात. या पडद्याआडच्या कलावंतांचा प्रतिनिधी म्हणून आम्ही जेम्स जेमरसन याची निवड केली आहे.

जेमरसन हा अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायनातील एडिस्टो बेटावरचा कृष्णवर्णीय मुलगा. जन्म १९३६ चा. १९५४ च्या सुमारास तो आईपाठोपाठ डेट्रॉइट या मोटारींच्या कारखान्यांच्या शहरात आला. शाळेत त्याच्या हाती उभा, माणसाहून उंच डबल बेस आला, आणि लवकरच तो गावातल्या जाझ क्लबांतून वाजवू लागला. १९५९ मध्ये बॅरी गॉर्डी याने घरच्या मंडळींकडून ८०० डॉलर उसने घेऊन ध्वनिमुद्रिकांचा धंदा मांडला. पुढे मोटाउन नावाने गाजलेली संस्था ती हीच. एका साध्या घराच्या मोटारखान्यात तिची ध्वनिमुद्रणाची खोली होती. तारांच्या भेंडोळ्यांमुळे वादक तिला सापांचे बीळ म्हणत. या बिळात फंक ब्रदर्स हा एकच वादकांचा संच वर्षानुवर्षे रात्रंदिवस वाजवीत होता. वीसहून अधिक अमेरिकाभर पहिल्या क्रमांकावर गेलेल्या गाण्यांत जेमरसनचा हात आहे.

त्याची करामत कशात होती? डबल बेस सोडून तो विजेच्या बेस गिटारकडे वळला, पण जुनी सवय त्याने सोडली नाही. उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने तो तार छेडी. तारा जाड, सपाट वेटोळ्यांच्या; त्या तो बदलत नसे. घोडीजवळ स्पंजाचा तुकडा दाबलेला. त्यामुळे स्वर लांबत नसे. डग्ग्यावरच्या थापेसारखा भरीव उमटून मिटत असे. १९६४ च्या 'माय गर्ल' या गाण्याच्या आरंभी त्याचे मोजकेच स्वर हृदयाच्या ठोक्यासारखे पडतात. तेथे त्याचा संयम दिसतो. १९६७ च्या 'आय वॉज मेड टू लव्ह हर' मध्ये हाच खर्ज गायकाभोवती अखंड धावत राहतो. आधारस्वर सोडतो, आडवळणे घेतो आणि नेमका वेळेवर जागेवर येतो. कागदावर बहुधा स्वरसंगतींची नावेच असत. बाकीची रचना तो जागच्या जागी करी. उत्तम सारंगियाने गवयाच्या मागे जावे आणि मध्येच त्याला नवी वाट सुचवावी, तसा हा प्रकार होता.

संस्थेची इतरत्र वाजवण्यास मनाई असे. तरी ही मंडळी चोरून जात. जॉन ली हुकरचे 'बूम बूम' (१९६२) आणि जॅकी विल्सनचे 'हायर अँड हायर' (१९६७) ही परक्या संस्थांची गाणी अशीच झाली. मात्र जेमरसनने स्वतःच्या नावाची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली नाही. मोटाउनच्या वेष्टनावर वादकांची नावे आली तीही १९७१ मध्ये, मार्विन गे याच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या संग्रहावर. तेथे जेमरसनच्या नावामागे 'अतुलनीय' असे विशेषण आहे.

पण तोवर उशीर झाला होता. १९७२ मध्ये संस्थेने आपले बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलवले. पुढच्या वर्षी जेमरसनही गेला. तेथे जुना संच नव्हता, आवाजाची आवड पालटली होती, आणि मद्याने त्याला घेरले होते. १९८३ च्या मार्चमध्ये संस्थेचा पंचविसाव्या वर्षाचा थाटाचा सोहळा झाला, तेव्हा तो स्वतः तिकीट मिळवून सज्जात बसला होता, असे सांगतात. त्याच वर्षी २ ऑगस्टला, वयाच्या ४७ व्या वर्षी, तो वारला. १९८९ मध्ये त्याच्यावर ग्रंथ निघाला, २००० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये साथीदारांच्या नव्या वर्गात त्याची निवड झाली, २००२ मध्ये फंक ब्रदर्सवर अनुबोधपट आला.

येथे न्याय-अन्यायाचा प्रश्न उभा राहतो. शब्द आणि चाल रचणाऱ्यास गाण्याचा हक्क मिळतो. खर्जाची ओळ वादकाने स्वतः रचली असली, तरी ती मजुरीत जमा होते. संस्थेच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे : रोजचे काम आणि रोजचे सोबती तिनेच पुरवले, आणि त्यांच्यावाचून जेमरसन घडलाच नसता. पण सोबत मिळाली म्हणून नाव लपवावे, असे मात्र ठरत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की आवडते गाणे एकदा तरी चाल सोडून, खालचा स्वर धरून ऐकावे. तेथे काम करणारा माणूस ऐकू येऊ लागला, म्हणजे त्याचे नाव विचारावेसे आपोआप वाटते.